अंगठा टेकला त्या क्षणी

"मॅडम, प्रश्न साधा आहे," वकील रणदिवे म्हणाले. "जयेश गोताडनं पॅनेलवर अंगठा टेकवला, त्या क्षणी रिअॅक्टरचं तापमान एकशे अठरा अंशांना पोचलेलं होतं किंवा नव्हतं. याशिवाय तिसरं काय असतं?"

"तिसरं काही असतं असं मी म्हटलेलं नाही," शलाका चाळके म्हणाली.

"म्हणजे दोनच शक्यता."

"तसंही म्हटलेलं नाही."

मागच्या बाकांवर हशा झाला. ऐकायला बरा वाटेल असा तो हशा नव्हता. त्या बाकांवरच्या बहुतेकांच्या घरातलं कुणीतरी गेल्या वर्षी सावरखाडीच्या रसायन कारखान्यात भाजून मेलं होतं. अकरा माणसं गेली होती. एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "भावाला सोडवायला आलीय, आणि बोलतेय बघा कशी. ना धड इकडं, ना धड तिकडं."

न्यायाधिकरणाच्या अध्यक्षा कुलथे यांनी टेबलावर पेन आपटलं. हशा थांबला, पण त्यांच्याही चेहऱ्यावर वैतागच होता.

"डॉ. चाळके, इथं सेमिनार चाललेला नाही. सिद्धतेत चूक आहे का?"

"एकही पायरी खोटी नाही."

"मग बरोबर आहे."

"बरोबर आहे असंही नाही. अपुरी आहे."

रणदिव्यांनी दोन्ही हात वर केले आणि बाकांकडे वळून पाहिलं. ज्यांच्यासाठी ते लढत होते त्यांना आणखी काही सांगायची गरज उरली नव्हती.

सिद्धक हे यंत्र आल्यापासून अशा चौकशा पूर्वीसारख्या वर्षानुवर्षं रेंगाळत नसत. अपघाताच्या जागेवरच्या सगळ्या नोंदी, कारखान्याचे नियम, रसायनशास्त्राची आणि उष्णतेची समीकरणं त्याला दिली की ते एक सिद्धता काढून देई. ते मत देत नसे. मत चुकू शकतं, विकत घेता येतं. सिद्धतेची प्रत्येक पायरी मात्र आधीच्या पायऱ्यांवरून निघते की नाही, हे कुणालाही तपासता येतं. म्हणून कायद्यानं यंत्राचं मत बाद ठरवलं होतं आणि यंत्राची सिद्धता मान्य केली होती. आरोपीला स्वतःचा तपासनीस नेमायचा हक्क होता. तपासनीस नात्यातला असला तरी चाले, फक्त ते जाहीर करावं लागे. सिद्धता खरी की खोटी हे तपासणाऱ्याच्या नात्यावर ठरत नाही, असा या कायद्याचा भोळा विश्वास होता.

निनाद चाळकेनं आपल्या बहिणीला नेमलं, कारण दुसरं कुणी यायला तयार झालं नाही. अकरा चितांच्या फोटोखाली आपलं नाव छापून यावं असं कोणत्या गणितज्ञाला वाटेल?

सिद्धता तीस हजार पायऱ्यांची असली तरी तिचा कणा एवढासा होता. त्या रिअॅक्टरमधली अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते. ती उष्णता ओढून न्यायला भांड्याभोवती पाण्याचं जॅकेट असतं. तापमान एकशे अठराच्या खाली आहे तोवर पाण्याची झडप पूर्ण उघडून ते खाली आणता येतं. एकशे अठरा ओलांडलं की अभिक्रिया स्वतःच्याच उष्णतेनं पळत सुटते, मग जगातला कुठलाही ऑपरेटर तिला थांबवू शकत नाही. त्या दिवशी पाळी बदलत होती. निनाद जात होता आणि जयेश गोताड येत होता. येणाऱ्यानं पॅनेलवर अंगठा टेकवला की त्या क्षणापासून रिअॅक्टर त्याचा. पॅनेलचा तापमापक मिनिटाला एकदाच वाचत असे. अंगठ्याआधीच्या वाचनात तापमान मर्यादेच्या जरा खाली होतं, नंतरच्या वाचनात जरा वर. अंगठा त्या दोन वाचनांच्या मधे टेकला होता.

सिद्धकानं लिहिलं होतं: अंगठ्याच्या क्षणी तापमान मर्यादेला पोचलं होतं किंवा पोचलं नव्हतं. पोचलं असेल, तर झडप उघडायची जबाबदारी चाळकेची होती आणि त्यानं ती टाळली. पोचलं नसेल, तर झडप उघडायला गोताडला वेळ होता आणि त्यानं ती उघडली नाही. म्हणून दोघांपैकी किमान एक दोषी आहे.

आणि 'दोघांपैकी एक' एवढं सिद्ध झालं की नव्या कायद्याचं कलम अठरा लागू होई. शिक्षा चौदा वर्षांची. ती विभागून, दोघांना सात-सात.

शलाका पुण्याला विद्यापीठात रचनात्मक गणित शिकवत होती. विभागात तिच्या विषयाला कुणी फारसं विचारत नसे. विभागप्रमुख त्याला पथ्याचं जेवण म्हणत: पोटाला त्रास नाही, पण जिभेला काही लागतही नाही. नेहमीच्या गणितात एखादी संख्या नाहीच असं मानून विसंगती दाखवली, की ती संख्या आहे असं सिद्ध होतं. रचनात्मक गणितात तेवढ्यानं भागत नाही. 'आहे' म्हणायचं असेल तर ती संख्या काढून पुढे ठेवावी लागते, निदान ती काढायची खात्रीची रीत तरी द्यावी लागते. 'हे किंवा ते' म्हणायचं असेल तर दोहोंपैकी कोणतं, हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तुम्हाला 'किंवा' म्हणायचा अधिकार नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांना ती एक उदाहरण देई. समजा एक यंत्र एका संख्येचे दशांश चिन्हानंतरचे अंक एकेक करून छापतंय. शून्य, शून्य, शून्य. ही संख्या शून्य आहे की त्याहून मोठी? हजार शून्यं पाहिलीत तरी पुढचा अंक एक असू शकतो. लाख पाहिलीत तरीही. कितीही थांबलात तरी 'शून्य आहे' म्हणायची वेळ येत नाही. मोजलेली प्रत्येक राशी अशीच असते. तापमान एकशे अठराच्या बरोबर रेषेवर असेल तर ते अलीकडे की पलीकडे, हे कुठलंही मोजमाप सांगू शकत नाही. रेषेऐवजी पट्टा घेतला तर मात्र सांगता येतं. एकशे सतराच्या वर किंवा एकशे एकोणीसच्या खाली, यातलं निदान एक तरी नेहमी ठरवता येतं, कारण मधल्या भागात दोन्ही उत्तरं चालतात. मोजमाप जितकं बारीक तितका पट्टा अरुंद.

सिद्धकानं पट्टा घेतला नव्हता. त्यानं रेषेवर दोन वाटा फोडल्या आणि कुठल्या वाटेनं जायचं हे न ठरवताच दोन माणसांना आत टाकलं. शलाकाचा आक्षेप एवढाच होता.

"अधिक बारीक मोजमाप आहे तुमच्याकडे?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग पुढच्या तारखेला ते घेऊन या, नाहीतर आक्षेप मागे घ्या. अकरा घरं निकालाची वाट बघतायत, डॉक्टर."

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत निनाद जाळीपलीकडे येऊन बसला आणि बसल्या बसल्याच भडकला.

"आक्षेप कुणी घ्यायला सांगितला होता तुला?"

"सिद्धता अपुरी आहे."

"माझं आयुष्य म्हणजे तुझा पेपर नाहीये, ताई. वकिलानं काय सांगितलं होतं? सही कर आणि घरी जा. सात वर्षं. चांगलं वागलो तर पाचांत बाहेर. गोताडलाही तेवढीच. वाटणी झाली, विषय संपला. तुला नक्की काय खुपतंय?"

"वाटणी कशाची? तापमान कुठल्या बाजूला होतं हे कुणी ठरवलेलंच नाही."

"नको ठरवू दे ना! कुणाचं अडलंय?"

"गोताडचं अडलं असेल."

"गोताडची वकील तू आहेस का?" त्यानं जाळीवर बोटं अडकवली. "लहानपणापासून हेच. घरात काय पेटलंय ते बघायचं नाही, काडीची लांबी मोजत बसायचं."

शलाकानं वही उघडली नाही, कारण आत न्यायला दिली नव्हती. ती आठवणीनं एकेक प्रश्न विचारत गेली. जॅकेटच्या पाण्याचा नळ किती इंची होता? झडप चाकाची की स्वयंचलित? पंप कधी शेवटचा दुरुस्त केला? निनाद उत्तरं देत राहिला, आधी चिडून, मग कंटाळून.

"पॅनेलचा तापमापक सोडून त्या भांड्यावर आणखी काही होतं का? तापमान कळेल असं काहीही."

"नाही."

"आठव."

"नाही म्हटलं ना. पॅनेल सोडून काही नाही. ती केबलसुद्धा चाचणीपुरतीच गुंडाळली होती, तिच्या नोंदींचा डबा कुणी उघडून बघतही—"

तो थांबला.

"कुठली केबल?"

"कुठली नाही."

"निनाद, काचेच्या धाग्याची केबल का? जॅकेटभोवती?"

निनाद उठून उभा राहिला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "त्या केबलचं नाव बाहेर कुणाजवळ काढलंस तर मी तुझा भाऊ नाही. ऐकलंस? मेलो मी तुला."

"डबा कुठे ठेवलाय?" शलाकानं विचारलं.

त्यानं पहारेकऱ्याला हाक मारली आणि वळून न बघता आत गेला.

सावरखाडीत चाळक्यांचं घर कामगार वसाहतीत होतं. अपघातानंतर शेजारच्यांनी दोरीवरचे कपडे त्यांच्या बाजूनं वाळत घालणंही बंद केलं होतं. आईला दूध आणायला आता खालच्या आळीत जावं लागे, कारण कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा पुतण्या त्या अकरांत होता. दुकानदार वाईट बोलत नसे. ती समोर उभी राहिली की तो फक्त पुढच्या गिऱ्हाईकाला विचारी, "तुम्हाला काय हवं?"

शलाका पोचली तेव्हा दारात एक बाई उभी होती. आई तिला आत घेत नव्हती आणि ती जात नव्हती.

"ह्याच का त्या पुण्याच्या?" बाईनं विचारलं. "मी दर्शना गोताड. जयेशची बायको."

"बोला."

"काय बोलू? तुम्हीच बोलताय तिथं. मला त्यातलं अर्धं कळलं नाही. एवढं कळलं की तुमच्या भावाकडे बोलायला तुम्ही आहात. माझ्या माणसाकडे सरकारी वकील आहे, त्याला आमचं नावही धड घेता येत नाही. गोतड म्हणतो."

"मी भावासाठी बोलत नाही."

"हो तर!" दर्शना हसली. "मी पण देवळात देवासाठीच जाते. हे बघा बाई, तुमच्या भावानं केलं असेल तर माझ्या माणसानं सात वर्षं कशाबद्दल काढायची?"

"आणि तुमच्या नवऱ्यानं केलं असेल तर?"

"तर चौदा काढू दे! मी डबा देईन चौदा वर्षं. पण कुणीतरी तोंड उघडून एक नाव घ्या ना. दोघांपैकी एक, हे काय सांगणं झालं? पोरीला शाळेत विचारतात. तिनं काय सांगायचं, माझा बाप अर्धा खुनी आहे म्हणून?"

"झालं का बोलून?" आई म्हणाली. "जा आता."

"जाते. इथं पाणीसुद्धा प्यायचं नाही मला."

दार लावून आई स्वयंपाकघरात गेली. शलाका तिच्या मागे गेली आणि ओट्याला टेकून तिनं केबलचं सांगितलं. तिचा एक डबा कुठंतरी असणार, बहुधा देखभाल विभागात. त्यात त्या क्षणाची नोंद असेल, पॅनेलपेक्षा कितीतरी बारीक.

आईनं गॅस बंद केला. "हे निनादला माहितीय?"

"त्याच्याच तोंडून निघालं. कुणाला सांगू नकोस म्हणाला. सांगितलंस तर मी तुझा भाऊ नाही म्हणाला."

"मग?"

"मग काय?"

"तो असं का म्हणाला, ते कळलं नाही तुला?"

"त्याची बरीच कारणं असू शकतात. केबल बिघडलेली असेल. तिच्या चुकीच्या नोंदीवरून आपल्याला अडकवतील असं वाटलं असेल. डब्याची काही जबाबदारी त्याच्यावर—"

"शलाका." आईनं तिच्याकडे पाहिलं, रागानंही नाही, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसं. "तू एवढी शिकलीस. एवढं साधं कळू नये तुला?"

"कळणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं."

"मला कळलंय. मला तेवढं बास आहे. आणि कळलंय म्हणूनच सांगते, गप्प बस. सात वर्षांनी मी असेन. चौदा वर्षांनी नसेन."

"गोताड सात वर्षं कशाबद्दल काढणार, आई?"

"तो माझा मुलगा नाही."

शलाकानं ताट घेतलं. आईनं वाढलं, पण स्वतःचं ताट घेऊन ती बाहेरच्या खोलीत गेली.

पुढच्या तारखेला सभागृह तुडुंब भरलं होतं. शलाका साक्षीच्या जागी उभी राहिली. समोर एका बाजूला निनाद, दुसऱ्या बाजूला जयेश गोताड, मधे दोन शिपाई. जयेश उंच, वाकलेला माणूस होता. वर्षभरात त्याचे केस कानांजवळ पांढरे झाले होते.

"आक्षेप मागे घेताय?" कुलथे यांनी विचारलं.

"नाही. अधिक बारीक मोजमाप आहे. रिअॅक्टरच्या जॅकेटवर चाचणीसाठी काचेच्या धाग्याची केबल गुंडाळलेली होती. तिची नोंद कारखान्यानं सादर केलेली नाही. ती मागवावी."

"ताई!" निनाद ओरडला. शिपायानं त्याचा खांदा दाबला. "ताई, नको! मॅडम, ती माझी तपासनीस नाही, मी तिला काढून टाकतो, आत्ताच्या आत्ता काढून टाकतो!"

कुलथे यांनी आधी त्याच्याकडे आणि मग शलाकाकडे बराच वेळ पाहिलं. "डॉ. चाळके, ही नोंद तुमच्या भावाच्या विरोधात जाऊ शकते, हे लक्षात आहे ना?"

"कुणाच्याही विरोधात जाऊ शकते."

"मी तुमच्या भावाबद्दल विचारलं."

"लक्षात आहे."

मागच्या बाकांवरची कुजबूज वेगळी झाली होती, पण मऊ नाही. "सख्खा भाऊ आहे तिचा," कुणीतरी म्हणालं, आणि त्या आवाजात किळस होती. आठवडाभरापूर्वी भावाला वाचवते म्हणून तिला शिव्या देणारी तीच माणसं होती.

डबा देखभाल विभागात जुन्या पंख्यांच्या मागे सापडला. केबलची युक्ती तशी जुनी आहे. काचेच्या धाग्यात लेझरचा झोत सोडला की त्यातला किंचित प्रकाश वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाहून उलटा परततो. धागा जिथं गरम असेल तिथून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग थोडा बदलतो. प्रकाश परतायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते, रंगावरून तापमान. पॅनेल मिनिटाला एक वाचन घेत होतं. ही केबल सेकंदाला कित्येक घेत होती. कुणी बघणारं नसतानाही ती घेतच राहिली होती, भांडं फुटेपर्यंत.

सिद्धकाला या वेळी रेषा दिली नाही, पट्टा दिला. शलाकानं तसा अर्ज केला होता आणि कुलथे यांनी तो मंजूर केला. पट्ट्याच्या वर असेल तर एक नाव, खाली असेल तर दुसरं, आत असेल तर दोघांनाही सोडावं लागेल. उत्तर यायला फार वेळ लागला नाही. अंगठ्याच्या क्षणी तापमान एकशे अठरा पूर्णांक चार दशांश अंश. चूक जास्तीत जास्त दोन दशांश, या बाजूला किंवा त्या.

एकदा नेमलेला तपासनीस मधेच काढता येत नसे आणि त्याची सही झाल्याशिवाय निकाल लागू होत नसे. शलाकानं प्रत्येक पायरी तपासली. केबल बसवली तेव्हाची पडताळणी तपासली, काचेच्या धाग्याचं वय तपासलं, जॅकेटच्या भिंतीतून उष्णता बाहेर यायला लागणारा उशीर धरला आहे का ते पाहिलं. तो धरला होता. उशीर धरला की तापमान निनादच्या बाजूनं कमी होत नव्हतं, उलट आणखी वर जात होतं. आपण दोष शोधतोय की दोष सापडू नये म्हणून शोधतोय, असा प्रश्न तिला एकदा पडला. दोन्हीकडून तपास सारखाच होतो, असं उत्तर तिनं स्वतःला दिलं आणि पुढचं पान उलटलं.

"सिद्धता पूर्ण आहे," ती उभी राहून म्हणाली, आणि सही केली.

चौदा वर्षं. जयेश गोताडला तिथल्या तिथे मोकळं केलं.

दरवाज्यात लोकांनी तिला वाट दिली, पण आदरानं नव्हे. ती जिथून गेली तिथून ते बाजूला सरकले. बाहेर दर्शना एका झाडाखाली नवऱ्याच्या दंडाला धरून उभी होती. शलाका जवळून जाताना जयेशनं तो हात सोडवून घेतला आणि पुढे आला.

"तुम्हाला पहिल्यापासून वाटत होतं का, की मी केलेलं नाही?"

"नाही."

"मग मीच केलंय असं वाटत होतं?"

"तसंही नाही. मला काही वाटत नव्हतं."

जयेशनं मान हलवली. "वर्षभर आत होतो मी. पहारेकऱ्यालाही काहीतरी वाटत होतं माझ्याबद्दल. हरामखोर म्हणायचा, पण वाटायचं त्याला." त्यानं बायकोकडे पाहिलं. "ही म्हणते तुमचे आभार मानायला पाहिजेत. मला जमत नाही बघा."

"मानू नका."

"नाहीच मानत," तो म्हणाला आणि निघून गेला.

इमारतीच्या मागच्या बाजूला कैद्यांची गाडी उभी होती. निकालानंतर नातेवाइकांना थोडा वेळ भेटू देत. आई आधीच निनादला भेटली होती. शलाका आली तेव्हा आई गाडीपासून लांब, भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि वळली नाही.

निनाद बेड्या घातलेल्या हातांनी बाकावर बसला होता. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता.

"किती निघालं शेवटी? मला ते आकडे ऐकू आले नाहीत."

"मर्यादेच्या वर चार दशांश."

"चार दशांश." त्यानं ते तोंडात घोळवलं. "एवढ्यासाठी?"

"चूक दोनच दशांश होती. म्हणून पुरेसं होतं."

निनाद थोडा वेळ हसला, मग खोकला. शिपायानं घड्याळाकडे पाहिलं.

"मी जॅकेटला हात लावला होता, ताई," निनाद म्हणाला. "हातमोज्यातून चटका बसला. एवढं गरम कधी लागत नाही. गोताड जिन्यात दिसला. त्याला थांबून सांगायचं, दोघांनी मिळून झडप उघडायची, तर घरी नेणारी कंपनीची गाडी चुकली असती. म्हटलं, तो बघेल. त्याच्या शेजारून खाली उतरलो." त्यानं वर पाहिलं. "तुला केबल कशाला लागली?"

"मोजमाप हवं होतं."

"मला विचारायचं होतंस."

चार महिन्यांत शलाका त्या जाळीसमोर किती वेळा बसली होती. नळाची रुंदी विचारली होती, पंपाची दुरुस्ती, पाण्याचा वेग, झडपेचं चाक किती फेऱ्यांत उघडतं, हे सगळं. एवढा एकच प्रश्न विचारला नव्हता. उत्तराची भीती वाटली म्हणून नव्हे. आरोपीच्या शब्दावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून तो प्रश्न तिच्या यादीत कधी आलाच नव्हता. आईला जे ओट्याशी उभ्या उभ्या कळलं, ते ऐकायला तिनं एकदाही कान पुढे केला नव्हता.

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

निनाद खरोखरच विचार करत होता, हे तिला दिसलं. कपाळाला आठ्या घालून, प्रामाणिकपणे, लहान मुलासारखा.

"मलाही नाही माहीत," तो अखेर म्हणाला. "आता कुणालाच कळायचं नाही ते."

शिपायानं दार उघडलं. निनाद उठला आणि कुणी हात धरायच्या आत स्वतःच पायरी चढला. गाडी सुरू झाली. शलाका तिथंच उभी राहिली. भिंतीजवळून आई तिच्या अंगावरून पुढे गेली, गाडीच्या मागोमाग, फाटकापर्यंत.